खेळगड्याचें इमान

नेरूळ येथें, सायन-पनवेल रस्त्याच्या कडेस, डी. वाय. पाटील क्रीडांगण उभें आहे. २००८ सालीं तें खुलें झालें तेव्हां तेथें क्रिकेटचाच जयजयकार झाला. परंतु पुढें फुटबॉलनेंही त्या हिरवळीवर आपला हक्क सांगितला. २०१४ सालीं मुंबई सिटी ह्या व्यवसायी संघानें तें आपलें घरचें मैदान केलें, आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेचे कांहीं सामने तेथें झाले. त्या महिन्याच्या २५ तारखेस स्पेन व माली ह्यांच्यांतील उपांत्य सामना ह्याच मैदानावर खेळला गेला आणि स्पेननें तो तीन विरुद्ध एक असा जिंकला. एरवीं फुटबॉलकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या नव्या मुंबईंतल्या घरांतूनही त्या दिवसांत ह्या खेळाची चर्चा होऊं लागली.

त्या स्पर्धेंत एक मुलगा भारतांत यावयाचा होता, तो आला नाहीं. ब्राझीलच्या संघांत व्हिनिसियस ज्युनियर ह्या सतरा वर्षांच्या खेळाडूचें नांव जाहीर झालें होतें. पण ज्या फ्लामेंगो क्लबाशीं त्याचा करार होता त्या क्लबानें त्याला सोडण्यास नकार दिला. क्लबाला आपल्या स्वतःच्या सामन्यांसाठीं तो हवा होता. देशाची हांक एकीकडे आणि क्लबाची गरज दुसरीकडे, अशा ओढाताणींत क्लबाची सरशी झाली. मुलाला कोणी विचारलें असेल असें वाटत नाहीं. व्यवसायी खेळांत क्लब खेळाडूकडून जी निष्ठा मागतो ती किती दूरवर पोंचते, ह्याचा हा अगदीं सौम्य नमुना होय.

सहा वर्षें गेलीं. तोच मुलगा आतां माद्रिदच्या रेआल क्लबाचा नांवाजलेला खेळाडू झाला होता. २१ मे २०२३ रोजीं वॅलेन्सिया शहरांतील मेस्तालिया मैदानावर सामना चालू असतां गोलामागील प्रेक्षकांतून त्याच्या काळ्या वर्णावरून त्याला 'माकड' म्हणून हिणविण्यास सुरुवात झाली. त्यानें खेळ थांबविला, हिणविणाऱ्याकडे बोट दाखविलें, पंचास बोलावून दाखविलें. ध्वनिक्षेपकावरून ताकीद देण्यांत आली व सामना पुढें चालू झाला. शेवटीं झटापट झाली आणि मैदानाबाहेर घालविला गेला तो कोण? तर ज्यानें शिव्या ऐकल्या होत्या तोच. पुढें ती शिक्षा रद्द झाली, वॅलेन्सिया क्लबास दंड झाला, प्रेक्षकांची एक बाजू कांहीं सामन्यांपुरती बंद झाली, आणि जून २०२४ मध्यें तिघां प्रेक्षकांना न्यायालयानें आठ-आठ महिन्यांची कैद सुनावली. फुटबॉलच्या मैदानावरील वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्यें झालेली ही पहिलीच शिक्षा. आपल्याकडेही ह्या बाबतींत फार ताठ मानेनें बोलण्याजोगी स्थिति नाहीं. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत मार्च २०२४ मध्यें एका स्थानिक सामन्याच्या वेळीं आयव्हरी कोस्टहून आलेल्या एका खेळाडूला प्रेक्षकांनीं पाठलाग करून मारहाण केली, आणि वर्णावरूनही आपणांस शिवीगाळ झाली अशी तक्रार त्यानें पोलिसांत दिली.

अशा प्रसंगीं चर्चा होते ती प्रेक्षकांच्या असभ्यपणाची आणि दंडाच्या आंकड्यांची. त्याहून अवघड असा एक प्रश्न मात्र बाजूला पडतो. ज्याचा अपमान झाला त्यानें काय करावें? मैदान सोडावें, तर 'ह्यानें स्वतःच्या दुःखापायीं संघाला दगा दिला' असें म्हणणारे निघतात. खेळत राहावें, तर 'त्याला तें सोसलें, तेव्हां तें फारसें कांहीं नसावें' असा अर्थ लावणारे निघतात. आंतरराष्ट्रीय फुटबॉल-संघटनेनें ह्यासाठीं तीन पायऱ्यांचा नियम केला आहे: पंचानें प्रथम खेळ थांबवून प्रेक्षकांस ताकीद द्यावी, न ऐकल्यास दोन्ही संघांना कांहीं काळ मैदानाबाहेर न्यावें, आणि तरीही न भागल्यास सामना मोडावा. २०२४ सालीं बँकॉकच्या परिषदेनंतर अशीही सोय झाली, कीं खेळाडूनें दोन्ही मनगटें एकमेकांवर आडवीं धरून फुलीची खूण केली म्हणजे पंचानें ती तक्रार समजावी. हे सर्व नियम पंचाला उद्देशून आहेत. अपमानित खेळाडूच्या शेजारीं जे दहा जण उभे असतात त्यांनीं काय करावें, ह्याविषयीं कोणत्याही पुस्तकांत एक ओळही नाहीं. आणि निष्ठेचा खरा कस लागतो तो त्या दहा जणांचा.

हा कस एकदां मुंबईंतच लागला होता. खेळ फुटबॉलचा नव्हता, क्रिकेटचा होता. आणि भेद वर्णाचा नव्हता, जातीचा होता. जात आणि वर्ण ह्या दोन वस्तु एक नव्हत हें खरें. वर्ण दुरूनही दिसतो, जात विचारून घ्यावी लागते. परंतु जन्मावरून माणसाची पायरी ठरवावयाची आणि मग त्याच्याच घामावर आपला विजय साजरा करावयाचा, हा व्यवहार दोहोंतही सारखाच आहे. म्हणून पालवणकर बंधूंची हकीकत आजच्या फुटबॉलच्या प्रश्नावर जितका प्रकाश टाकते तितका युरोपांतील बातम्याही टाकीत नाहींत.

बाळू पालवणकर ह्यांचा जन्म १८७६ सालीं धारवाडास, चर्मकार कुटुंबांत झाला. बाळपण पुण्यास गेलें. तेथें पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबांत खेळपट्टीवर रूळ फिरविणें व झाडलोट करणें ह्या कामावर त्यांना महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत चार रुपयांवर लागले. गोऱ्या साहेबांना सरावासाठीं कोणी तरी चेंडू टाकणारा हवा असे. तें काम ह्या मुलाकडे आलें. डाव्या हातानें संथ, वळणारा चेंडू टाकण्याची त्यांची हातोटी ग्रेग नांवाच्या नामांकित फलंदाजाच्या ध्यानांत आली, आणि तो रोज इतरांच्या आधीं येऊन त्यांच्याकडून सराव करून घेऊं लागला. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देण्याचें ग्रेगनें कबूल केलें होतें अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो. बाळूंना बॅट मात्र कोणी हातीं दिली नाहीं. चेंडू टाकणें हें राबणाऱ्याचें काम, फलंदाजी साहेबाची, अशी ती वांटणी होती.

पुण्याच्या हिंदु संघाला गोऱ्यांवर मात करावयाची होती, आणि मात करून देणारा गोलंदाज तर अस्पृश्य. बरीच खळखळ होऊन अखेर त्यांना संघांत घेतलें. मैदानावर सर्वांनीं एकच चेंडू हाताळावयाचा. त्यास विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली कीं इतर गडी मंडपांत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांतून मिळे. जेवणाचें ताट वेगळें, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुण्यास पाणी हवें असल्यास तें मैदानाच्या कोपऱ्यांत अस्पृश्य नोकरच आणून देई. चामड्याच्या चेंडूला विटाळ होत नाहीं आणि चहाच्या पेल्याला होतो, हें गणित कोणत्या धर्मशास्त्रांत बसविलें होतें तें त्या मंडळींनाच ठाऊक!

प्लेगनें पुणें ओस पडूं लागलें तेव्हां बाळू मुंबईस आले. चर्नी रोडच्या समुद्रकांठीं परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना नुकताच, १८९४ सालीं, निघालेला होता. तेथेंही कांहीं सभासदांनीं नाकें मुरडलीं. तरी गुणापुढें त्यांचें चाललें नाहीं. मागाहून शिवराम, गणपत व विठ्ठल हे धाकटे बंधूही पुढें आले, आणि चौघेही भाऊ हिंदु संघाकडून खेळले. १९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला. हिंदूंच्या धांवा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. बाळूंनीं दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले. पुण्यांतला चहाचा नियम मुंबईच्या संघांत तोंवर सैल झाला होता. खेळगडी एकत्र बसून खाऊं-पिऊं लागले होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' ह्या पत्रानें त्या विजयाचें स्वागत करतांना खेळापेक्षां ह्या गोष्टीलाच अधिक महत्त्व दिलें. पुढच्या वर्षीं हिंदूंनीं पुन्हा युरोपियनांना हरविलें.

१९११ च्या उन्हाळ्यांत पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य ठरली. सामने जिंकले थोडे, हरले पुष्कळ. परंतु बाळूंनीं त्या दौऱ्यांत एकंदर ११४ गडी बाद केले. त्यांपैकीं ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतले होते. त्या वेळीं त्यांचें वय पस्तिशीचें, आणि खांदा दुखावलेला. योगायोग असा, कीं त्याच जुलैच्या २९ तारखेस कलकत्त्यास मोहन बागानच्या फुटबॉल-संघानें, ज्याचे बहुतेक गडी अनवाणी खेळले, ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. ची ढाल जिंकली. गोऱ्यांनीं आणलेल्या दोन खेळांत गोऱ्यांनाच उत्तर देतां येतें हें एका उन्हाळ्यांत दोन ठिकाणीं दिसलें, आणि देशभर त्याचा आनंद झाला. बाळू मुंबईस परतले तेव्हां त्यांच्या समाजानें त्यांचा सत्कार केला.

इतकें झाल्यावर हिंदु संघाचें कप्तानपद त्यांच्याकडे यावें हें ओघानेंच आलें असतें. तें आलें नाहीं. १९१२ पासून पारशी, हिंदु, मुसलमान व युरोपियन असे चार संघ मिळून चौरंगी सामने होऊं लागले; त्यांत दर वर्षीं हिंदूंचा कप्तान कोणी तरी उच्चवर्णीय असे. ह्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. गोलंदाजाचा हात वापरतां येतो. कप्तान मात्र हुकूम देतो; तो कोणाला कोठें उभें राहावयाचें तें सांगतो, कोणाला चेंडू द्यावयाचा तें ठरवितो, आणि समारंभांत संघाच्या वतीनें पहिल्या खुर्चीवर बसतो. अंगमेहनतीला जागा द्यावयाची आणि अधिकाराला द्यावयाची नाहीं, ही रीत फुटबॉलमध्येंही अजून पुरती गेलेली नाहीं. इंग्लंडच्या क्लबांतून कृष्णवर्णीय खेळाडू शेंकड्यांनीं खेळले; परंतु २००८ सालीं पॉल इन्स ह्याला ब्लॅकबर्नच्या संघानें व्यवस्थापक नेमलें तेव्हां प्रीमियर लीगमध्यें त्या जागेवर बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश गृहस्थ ठरला.

येथें कोणी विचारील, मग बाळूंनीं हा संघ सोडला कां नाहीं? ह्या ठिकाणीं आजचा फुटबॉल-खेळाडू आणि त्या काळचा मुंबईचा खेळाडू ह्यांच्यांतील मोठा फरक ध्यानांत घेतला पाहिजे. १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपच्या न्यायालयानें बोस्मान नांवाच्या खेळाडूच्या दाव्यांत असा निर्णय दिला, कीं करार संपलेल्या खेळाडूला युरोपांत दुसऱ्या देशांतील क्लबाकडे जाण्यास मोबदल्याची अट घालतां येणार नाहीं. तेव्हांपासून खेळाडू दुसरी वाट धरूं शकतो, आणि म्हणूनच त्याच्या राहण्याला 'निष्ठा' हें नांव शोभतें. मुंबईचे संघ धर्मावर उभारलेले होते. हिंदु संघ सोडून बाळू कोठें जाणार? पारशी त्यांना घेणार नाहींत, मुसलमानांचा संघ मुसलमानांचा. ख्रिस्ती खेळाडूंना तर १९३७ पर्यंत ह्या सामन्यांत पायच ठेवतां येत नव्हता. त्या वर्षीं 'इतर' नांवाचा पांचवा संघ निघाला तेव्हां विजय हजारे ह्यांच्यासारख्यांना वाव मिळाला. त्याच हजाऱ्यांनीं १९४३ च्या अखेरीस हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्यानें काढल्या. जेथें दुसरें दारच नाहीं तेथें राहणाऱ्याला निष्ठावंत म्हणून गौरविणें ही फसवणूक आहे. तो कोंडलेला असतो.

१९२० सालीं हा कोंडमारा फुटला. बाळू तेव्हां चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्या वर्षीं मुसलमानांविरुद्ध होणाऱ्या पहिल्या सामन्यासाठीं त्यांना संघांतून वगळण्यांत आलें. नेहमींचे कप्तान एम. डी. पै आजारी होते. त्यांच्या जागीं विठ्ठल ह्यांचा हक्क असतां तो बाजूस सारून पुण्याचे दि. ब. देवधर ह्यांना नेमण्यांत आलें. देवधर मोठे फलंदाज; पुढें तर ते फारच मोठे झाले. त्यांच्याविषयीं कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती निवड करणाऱ्यांच्या कसोटीविषयीं. विठ्ठल व शिवराम ह्या दोघां बंधूंनीं संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं आणि वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन केलें. त्याचा आशय असा होता, कीं खेळांतील अनुभव व कामगिरी ह्या गोष्टी डावलून जेथें जात पाहिली जाते तेथें खेळणें हा आपल्या स्वाभिमानाचा व आपल्या समाजाचा अपमान होय. 

हिंदु संघानें तो सामना त्यांच्यावांचून जिंकला. विजयानें प्रश्न सुटला असें ज्यांना वाटलें असेल त्यांचा लवकरच भ्रमनिरास झाला, कारण पुढें पारशांशीं अंतिम सामना होता आणि आतां शहरांत बोलणें चालू झालें होतें. ह्या दोघांनीं संघाचा घात केला कीं संघानेंच आपला घात करून घेतला होता? गोऱ्यांविरुद्ध आणि इतर धर्मीयांविरुद्ध लढावयाचें असतां घरांतलें भांडण बाहेर कशाला, असा त्या काळीं नेहमींचा युक्तिवाद असे. हा युक्तिवाद ऐकतांना एक गोष्ट सहज लक्षांत येते: घराची अब्रू राखण्याची जबाबदारी नेहमीं ज्याला ओसरीवर बसविलेलें असतें त्याच्यावरच टाकलेली असते.

विठ्ठल व शिवराम हे अर्थात् भाऊच होते. भावासाठीं भाऊ उभा राहिला ह्यांत नवल तें काय, असें म्हणतां येईल. रक्ताचें नातें नसतां शेजारचा गडी काय करतो हा खरा प्रश्न. फुटबॉलमध्यें त्याचीं तिन्ही प्रकारचीं उत्तरें पाहावयास मिळालीं आहेत. ऑक्टोबर २०११ मध्यें लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझनें मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हरा ह्यास वर्णावरून उद्देशून अपशब्द वापरल्याचें चौकशींत ठरलें व त्यास आठ सामन्यांची बंदी झाली. निकालानंतरच्या सामन्यापूर्वीं लिव्हरपूलचे खेळाडू सुआरेझच्या चित्राचे सदरे घालून मैदानावर आले. आपला गडी तो आपला, मग त्यानें कांहींही केलेलें असो! त्या खेळाडूंपैकीं जेमी कॅरगरनें आठ वर्षांनीं दूरचित्रवाणीवर एव्हराची समक्ष क्षमा मागितली. हें झालें क्लबावरील निष्ठेचें आंधळें रूप.

दुसरें उत्तर १६ फेब्रुवारी २०२० चें. पोर्तुगालमध्यें पोर्तो संघाचा मालीवंशीय खेळाडू मूसा मारेगा हा गिमाराइश शहराच्या संघाविरुद्ध खेळत होता. पूर्वीं एक हंगाम तो ह्याच गिमाराइशकडून खेळला होता. ज्या प्रेक्षकांनीं त्याच्या गोलांवर टाळ्या पिटल्या होत्या त्यांच्यांतूनच आतां माकडाचे आवाज निघत होते. त्यानें संघाला पुढें नेणारा गोल केला, आणि थोड्याच वेळांत मैदान सोडून निघाला. त्या वेळीं त्याच्याच संघांतले गडी त्याला धरून थांबवूं पाहत होते, ओढीत होते, समजावीत होते. त्यांच्या मनांत द्वेष नव्हता हें उघड आहे. सामना चालला पाहिजे, इतकेंच त्यांना सुचलें. मारेगा एकटाच आंत गेला व सामना पुढें चालू राहिला.

तिसरें उत्तर त्याहून सात वर्षें आधींचें. ३ जानेवारी २०१३ रोजीं इटलींत मिलान संघाचा एका लहान क्लबाशीं मित्रत्वाचा सामना चालू असतां केव्हिन-प्रिन्स बोआटेंगनें शिव्या ऐकून चेंडू प्रेक्षकांच्या दिशेनें भिरकावला, सदरा काढला आणि चालूं लागला. त्याच्यामागोमाग मिलानचा सबंध संघ मैदान सोडून गेला. सामना तेथेंच संपला. मित्रत्वाचा सामना होता, गुण गमावण्याची भीति नव्हती, हें मान्य केलें पाहिजे. तरीही बोआटेंग एकटा गेला असता तर ती एका माणसाची बातमी झाली असती. सर्वजण गेले म्हणून तो सगळ्या फुटबॉल-जगताला प्रश्न झाला.

मुंबईच्या हिंदु संघांतही असा एक गडी होता, आणि तो दुसरातिसरा कोणी नसून स्वतः कप्तान पै हेच होते. १९१३ सालीं, म्हणजे ह्या बंडाच्या सात वर्षें आधीं, पै ह्यांना कप्तान नेमल्याबद्दल त्यांच्या गौड सारस्वत ज्ञातीनें त्यांचा सत्कार केला होता. आपल्या माणसाला मान मिळाला म्हणून ज्ञातीनें भरविलेल्या त्या सभेंत पै उठून म्हणाले, कीं हा मान वास्तविक आपल्या ज्येष्ठ मित्राला, बाळूंना मिळावयास हवा होता. असल्या सभांत सत्कारमूर्तीनें आपल्या नालायकीविषयीं दोन गोड शब्द बोलावयाचे ही चालच आहे, म्हणून कोणी तें मनावर घेतलें नसेल. परंतु पै तें शिष्टाचार म्हणून बोलले नव्हते, हें १९२० सालीं दिसून आलें.

पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या वेळीं पै बरे होऊन परत आले. बाळूंना संघांत पुन्हा घेण्यांत आलें, आणि उपकप्तानपद त्यांना देण्यांत आलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम हेही खेळावयास आले. उपकप्तानपद म्हणजे काय, तर तोंडाला लावलेलें बोट, असें कोणी म्हणेल. निवड करणाऱ्यांचा हेतु तेवढाच असेलही. पण सामना चालू असतां पै हेतुपुरस्सर कांहीं काळ मैदानाबाहेर गेले. कप्तान बाहेर म्हणजे हुकूम उपकप्तानाचा. ज्या मैदानाच्या कडेला पंचवीस वर्षांपूर्वीं मातीच्या भांड्यांतून चहा घ्यावा लागला, तशाच मैदानाच्या मधोमध उभे राहून बाळू आतां ब्राह्मण, प्रभु, सारस्वत, गुजराती अशा सर्व गड्यांना कोठें उभें राहावयाचें तें सांगत होते, आणि ते तसे उभे राहत होते.

पै ह्यांचें हें कृत्य लहानच. त्यांनीं भाषण केलें नाहीं, राजीनामा दिला नाहीं, संघही सोडला नाहीं. आपल्या अधिकारांत जेवढें होतें तेवढें त्यांनीं दुसऱ्याच्या हातीं दिलें. परंतु त्या आधींच्या दहा वर्षांत जिमखान्याच्या कमिट्यांना जें जमलें नाहीं तें त्यामुळें डोळ्यांना दिसलें. दोघां भावांनीं बाहेर पडून जी फट पाडली ती नसती, तर पै ह्यांच्या सौजन्याला वाटच मिळाली नसती. आणि पै नसते, तर ती फट निवड-समितीनें पुन्हा लिंपून टाकली असती. १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं ते सामने जिंकले. तेव्हां त्यांना खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत उच्चवर्णीय तरुण होते. विठ्ठलांनीं पुढें 'माझें क्रीडा-जीवन' नांवाचें आत्मचरित्र लिहिलें. तें १९४८ सालीं प्रसिद्ध झालें.

खुद्द बाळूंच्या वाट्याला निष्ठेचे पेंच पुढेंही आले. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. १९३७ सालीं काँग्रेसनें मुंबईच्या विधिमंडळासाठीं त्यांना उभें केलें तें नेमकें डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. हा उमेदवार निवडण्यांत क्रीडाप्रेम किती आणि डावपेंच किती होता हें सुज्ञांस सांगावयास नको. बाळू सुमारें दोन हजार मतांनीं पडले. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले, प्रत्येकीं सरासरी पंधरा धांवा देऊन.

हे आंकडे पुस्तकांत सांपडतात. १९२० च्या त्या अंतिम सामन्याचा गुणफलकही सांपडतो. त्या वर्षींचें विजेतेपद हिंदु व पारशी ह्या दोन्ही संघांना वांटून देण्यांत आलें. हिंदूंचा कप्तान म्हणून तेथें नांव आहे तें एम. डी. पै ह्यांचें. ते किती वेळ मैदानाबाहेर होते, आणि तेवढा वेळ हुकूम कोणाचा चालत होता, हें टिपून ठेवण्यासाठीं गुणफलकांत रकाना नसतो.